उचलण्याआधीचा फोन

टेलिफोनचा इतिहास लिहिणारे बहुधा बोलण्याचा इतिहास लिहितात. पहिले वाक्य कोण बोलला, पहिला ट्रंक कॉल कुठून कुठे लागला, एसटीडी कधी आली, मोबाइल कधी आला. पण फोन उचलण्याआधीच्या काही सेकंदांत जे घडते, त्याचाही एक इतिहास आहे आणि रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात तो बोलण्याच्या इतिहासाइतकाच महत्त्वाचा ठरतो. घंटा कोणी वाजवायची, किती वेळ वाजवायची, ती ऐकायला घरात कोणते यंत्र लावायची मुभा आहे आणि तिचे पैसे कोण भरणार, या प्रश्नांवर सव्वाशेहून अधिक वर्षे कायदे झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि घरोघरच्या हौशी कारागिरांनी आपापली उत्तरे शोधली. त्यातले सर्वांत साधे उत्तर म्हणजे चार-पाच सुट्या भागांचे, आलेली रिंग ओळखणारे सर्किट. हा लेख मुख्यतः त्याच्याबद्दल आहे.

अशा सर्किटाची गरज कोकणात का पडावी, हे कळण्यासाठी घराची ठेवण पाहावी लागते. 1980 आणि 90 च्या दशकांत ज्या घरात फोन आला, तिथे तो ओटीवर किंवा माजघराच्या दाराशी, भरतकाम केलेल्या रुमालाखाली बसला. माणसे मात्र तिथे नसत. कोणी परसात, कोणी विहिरीवर, कोणी खालच्या आगरात शिंपणे करत, कोणी वरच्या अंगाला कलमांच्या बागेत. मधे जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी. पलीकडे मुंबईत चाकरमानी मुलगा पीसीओच्या रांगेत उभा राहून, रात्री दर कमी होण्याची वाट पाहून फोन लावतो आहे. इथे घंटा वाजते आहे आणि ज्या म्हातारीसाठी ती वाजते, ती पाखाडीच्या अर्ध्यावर आहे. ती ओटीवर पोचेपर्यंत फोन बंद. कोणाचा होता, कशासाठी होता, कळायला मार्ग नाही. परत फोन करायचा तर आलेला नंबर दिसण्याची सोय त्या यंत्रांत नव्हती. ज्या घरात फोन नव्हता, त्यांची गत याहून निराळी होती. दुकानात किंवा पोस्टात फोन येई, ‘दहा मिनिटांनी परत करतो’ असा निरोप घेऊन कोणी पोर धावत वाडीवर जाई. तिथे निदान धावणारा माणूस होता. घरातल्या फोनला तो नव्हता. त्यामुळे बागेत दिवा लागावा किंवा मागल्या पडवीत मोठी घंटा वाजावी, ही हौस नव्हती, गरज होती.

गंमत अशी की मूळ टेलिफोनला घंटाच नव्हती. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना 1876 मध्ये पेटंट मिळाले, ते आवाज तारेतून नेण्याचे. पलीकडच्या माणसाला ‘आता कान लाव’ हे सांगायचे कसे, याचा विचार त्यात नव्हता. सुरुवातीला लोक यंत्राच्या पडद्यावर पेन्सिलीने टकटक करत आणि पलीकडे कोणी जवळ असेल तर ती ऐकू येई. बेल यांचे सहकारी थॉमस वॉटसन यांनी आधी ठोका देणारी, मग गुरगुरणारी यंत्रे करून पाहिली आणि 1878 मध्ये दोन वाट्यांची घंटा बनवली. तिच्यात एक कायमचा चुंबक, तारेची वेटोळी आणि दोन वाट्यांच्या मधे डोलणारी एक लोलकासारखी मुद्गरी. तारेतला प्रवाह एका दिशेने गेला की मुद्गरी एका वाटीवर आदळते, उलट दिशेने गेला की दुसरीवर. म्हणून तिला दिशा पालटणारा, म्हणजे एसी प्रवाह लागतो. ही रचना इतकी पक्की निघाली की पुढची शंभर वर्षे जगभरचे फोन तिच्यावरच वाजत राहिले.

तो एसी प्रवाह येत असे माणसाच्या हातातून. फोनच्या पेटीला उजव्या बाजूला दांडा असे, तो फिरवला की आतला छोटा जनित्र फिरे. माणूस आरामात दांडा फिरवतो तेव्हा दातेरी चाकांच्या हिशेबाने सेकंदाला पंधरा-वीस आवर्तने पडतात. पुढे एक्स्चेंजात मोटरवर फिरणारी रिंगिंग मशीन आली, मग इलेक्ट्रॉनिक कार्डे आली, तरी घंटेची वारंवारता त्याच घरात राहिली. अमेरिकेत 20 हर्ट्‌झ, आपल्याकडे 25 हर्ट्‌झ. विजेचा घरगुती पुरवठा 50 हर्ट्‌झचा असताना फोनची घंटा वेगळ्याच आकड्यावर का वाजते, असे विद्यार्थी विचारतात. त्याचे एक मूळ त्या दांड्यात आहे.

रिंग ओळखणारे पहिले ‘सर्किट’ही त्याच काळातले. दांड्याच्या फोनचा प्रवाह एक्स्चेंजात पोचला की तिथल्या फळ्यावर त्या ग्राहकाच्या क्रमांकाची एक लहानशी झडप खाली पडे. आत विद्युतचुंबक, त्याने आकडा सोडला की झडप आपल्या वजनाने पडणार. ऑपरेटर ती पाहून दोरीची पिन खोचे, बोलणे जोडून देई आणि झडप हाताने वर करी. दिवसा हे ठीक. रात्री ऑपरेटरला डुलकी लागली तर? त्यासाठी झडप पडता पडता एक संपर्क जोडला जाई आणि स्थानिक बॅटरीवर चालणारी वेगळी घंटा वाजू लागे. बाहेरून आलेला क्षणिक प्रवाह ओळखायचा, त्याच्यावर भार न टाकता दुसरे, स्वतःच्या विजेवर चालणारे मंडल जोडायचे आणि कोणी येऊन थांबवेपर्यंत ते चालू ठेवायचे. ऑप्टोकपलर आणि रिले लावून आजचा हौशी कारागीर जे करतो, ते तत्त्वतः यापेक्षा निराळे नाही.

हिंदुस्थानात टेलिफोन एक्स्चेंजे आली ती 1882 मध्ये. ओरिएंटल टेलिफोन कंपनीला त्याआधीच्या वर्षी परवाना मिळाला होता. कलकत्त्याचे एक्स्चेंज 28 जानेवारी 1882 रोजी 93 ग्राहकांसह सुरू झाले आणि मुंबईतही त्याच वर्षी. सिमल्यात 1913-14 मध्ये देशातले पहिले स्वयंचलित एक्स्चेंज बसले. यात कोकण कुठेच नाही. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा सबंध देशात टेलिफोनच सुमारे 80 हजार होते आणि ते मुख्यतः मोठ्या शहरांत. रत्नागिरीला मात्र दुसऱ्याच गोष्टीचा मान जातो. 1924 ते 1937 या काळात वि. दा. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि त्यांची भाषाशुद्धीची चळवळ याच वर्षांतली. त्यांनी रूढ केलेल्या शब्दांच्या याद्यांत ‘दूरध्वनी’ नेहमी असतो. म्हणजे ज्या गावात यंत्र दुर्मीळ होते, तिथल्या वास्तव्याशी त्याच्या मराठी नावाची चळवळ जोडलेली आहे. शब्द सरकारी पत्रांत आणि लेटरहेडवर टिकला, बोलण्यात ‘फोन’च राहिला. आणि ‘रिंग’ला तर कोणी प्रतिशब्द सुचवल्याचे दिसत नाही. फोन ‘वाजतो’ एवढे क्रियापद मराठीला पुरले.

स्वयंचलित एक्स्चेंजांनी घंटेच्या बाबतीत एक मोठा बदल केला. दांडा गेला, बॅटरी एक्स्चेंजात गेली. फोन खाली ठेवलेला असतो तेव्हा त्याच्या दोन तारांमध्ये 48 व्होल्टचा डीसी दाब असतो, पण प्रवाह वाहत नाही. रिसीव्हर उचलला की प्रवाह सुरू होतो, दाब दहा व्होल्टच्या आसपास उतरतो आणि एक्स्चेंजला कळते की ग्राहक हजर आहे. फोन यायचा असेल तर एक्स्चेंज त्याच 48 व्होल्टवर सुमारे 75 व्होल्ट, 25 हर्ट्‌झचा एसी चढवते. तोही सलग नाही. 0.4 सेकंद वाजणे, 0.2 सेकंद थांबणे, पुन्हा 0.4 सेकंद वाजणे, मग 2 सेकंद शांतता. ‘ट्रिंग ट्रिंग’ असा जो दुहेरी आवाज आपल्या कानात बसला आहे, तो ब्रिटिश पद्धतीचा वारसा. अमेरिकन सिनेमातला फोन दोन सेकंद एकसुरी वाजतो आणि चार सेकंद गप्प बसतो. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला हे 75 व्होल्ट चांगले ठाऊक असतात. दातांनी तारेचे वेष्टन सोलताना नेमकी रिंग यावी, यासारखा धडा नाही.

आता या दोन तारांना आपले सर्किट जोडायचे, तर पहिली अट अशी की एक्स्चेंजला ते दिसता कामा नये. त्यातून थोडाही डीसी प्रवाह गळला तर एक्स्चेंज समजणार की रिसीव्हर उचलला. घंटा थांबणार, फोन करणाऱ्याला पैसे पडणार आणि इकडे कोणीच बोलणार नाही. म्हणून सुरुवातीलाच एक कपॅसिटर लागतो. घंटेच्या फोनमध्येही तो असतोच. 0.47 मायक्रोफॅरडचा, 250 व्होल्ट सोसणारा कपॅसिटर डीसीला पूर्ण अडवतो. 25 हर्ट्‌झच्या एसीला त्याचा अडथळा साधारण साडेतेरा किलोओहम पडतो. त्याच्या जोडीला दहा किलोओहमचा रेझिस्टर लावला तर घंटा वाजताना मोजून तीन-चार मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. खरी घंटा वाजवायला तो अपुरा, पण ऑप्टोकपलरच्या आतला एलईडी पेटवायला भरपूर. हा एलईडी आणि समोरचा प्रकाशग्राही ट्रान्झिस्टर यांच्यात तारेचा संबंध नसतो, फक्त उजेडाचा असतो. टेलिफोनची लाइन एका बाजूला, आपले रिले, दिवे, बझर दुसऱ्या बाजूला. एलईडीला उलटा दाब सोसत नाही, म्हणून त्याला उलट जोडलेला एक डायोड.

ज्यांना ऑप्टोकपलर मिळत नसे, ते निऑनचा छोटा दिवा वापरत. टेस्टरमध्ये असतो तोच. 48 व्होल्टवर तो पेटत नाही, रिंगच्या 75 व्होल्टची शिखरे शंभरच्या वर जातात तेव्हा पेटतो. त्याच्यासमोर प्रकाशाने रोध बदलणारा एलडीआर ठेवायचा आणि दोन्ही काळ्या नळीत बंद करायचे. घरच्या घरी ऑप्टोकपलर तयार. मला हे सर्किट विकतच्या आयसीपेक्षा जास्त आवडते, कारण त्यात काय चालले आहे ते नळी काढून डोळ्यांनी पाहता येते. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळत. नकाशे ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’सारख्या मासिकांतून येत. हे मासिक 1969 पासून निघते आणि टेलिफोनला जोडायची खेळणी हा त्याच्या हौशी वाचकांचा आवडता विषय. कोकणात हे भाग सुट्टीला येणाऱ्या कोणाच्या तरी पिशवीतून येत.

खरी अडचण पुढे असे. रिंग नसताना लागणारा दिवा हा रिंग असताना न लागणाऱ्या दिव्यापेक्षा वाईट, कारण चार वेळा उगाच धावलेला माणूस पाचव्यांदा उठत नाही. खोट्या रिंगा दोन प्रकारच्या. एक, त्याच लाइनवरच्या दुसऱ्या फोनची चकती फिरवली की प्रवाह सेकंदाला दहा वेळा तुटतो आणि प्रत्येक तुटण्याला दाब उसळतो. जुन्या फोनची घंटा अशा वेळी हळूच किणकिणे, ती याचमुळे. याच्यावर उपाय म्हणजे समोरासमोर जोडलेली झेनर डायोडची जोडी. ठरावीक व्होल्टच्या खालचे सगळे ती अडवते आणि किणकिण बरीचशी गाळली जाते.

दुसरी खोटी रिंग आभाळातून येते. कोकणात मे महिन्याच्या अखेरीस आणि पुन्हा परतीच्या पावसात, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संध्याकाळी, सह्याद्रीकडून गडगडाट सुरू होतो. टेलिफोनची तार खांबाखांबावरून रान तुडवत मैलोगणती आलेली. वीज दूर कुठे पडली तरी त्या तारेत झटका बसतो. वर्तमानात बोलायचे तर ती मैलभर लांबीची अँटेनाच. विजेचा धक्का जमिनीत उतरवायला एक्स्चेंजात आणि ग्राहकाकडेही संरक्षक बसवतात, पण ते चालतात अर्थिंगवर आणि इथे अर्थिंग जांभ्यात. पावसाळ्यात भिजलेला जांभा एकवेळ बरा. मे महिन्यात तापलेल्या कोरड्या कातळात पुरलेली पट्टी विजेला वाट देत नाही. सड्यावरच्या घरांत गडगडाट सुरू झाला की टीव्हीची केबल आणि फोनची पिन काढून ठेवण्याची जी सवय आहे, ती अनुभवातून आली आहे.

अशा झटक्यांतून खरी रिंग वेगळी काढायची तर वेळेचा आधार घ्यावा लागतो. झटका हजारांश सेकंदात संपतो, रिंगचा पहिला तुकडा 0.4 सेकंद टिकतो. म्हणून ऑप्टोकपलरच्या मागे एक इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असा ठेवायचा, की तो भरायला पाव सेकंदाच्या वर लागेल. झटक्याने तो भरत नाही, रिंगने भरतो. पण मधे दोन सेकंदांची शांतता आहे, तेवढ्यात तो रिकामा झाला तर दिवा विझेल आणि पुन्हा लागेल. तेव्हा भरण्याची वाट मोकळी आणि रिकामे होण्याची वाट अरुंद हवी, तीन-चार सेकंदांची. दोन रेझिस्टर आणि एक डायोड यांत हे साधते. मग रिंग सुरू झाली की बागेतला दिवा लागतो आणि फोन थांबल्यावर काही क्षणांनी विझतो. मोठा झटका बसला तर ऑप्टोकपलर जळतो, पण त्याच्या पलीकडची यंत्रे बहुधा वाचतात. दोनशे-पाचशे रुपयांच्या वस्तूसाठी दहा रुपयांचा बळी.

हे सगळे करणारा माणूस कायद्याच्या नजरेत मात्र गुन्ह्याच्या काठावर उभा असे. 1885 च्या भारतीय तार कायद्याने टेलिग्राफ चालवण्याचा एकाधिकार सरकारकडे ठेवला आणि टेलिफोनही त्यातच मोडला. घरातले यंत्र, त्याची तार, भिंतीवरची पेटी, सारे खात्याचे. जादा घंटा हवी तर खात्याकडे अर्ज करून भाड्याने घ्यायची, स्वतः काही जोडायचे नाही. यामागे निव्वळ अडेलपणा होता असे नाही. चुकीचे यंत्र लाइनवर 230 व्होल्ट सोडू शकते आणि खांबावरचा माणूस मरू शकतो. पण अमेरिकेत हेच कारण पुढे करून एटी अँड टी कंपनीने बोलताना आवाज बाहेर जाऊ नये म्हणून रिसीव्हरला लावायच्या साध्या कपालाही बंदी घातली होती. 1956 मध्ये ‘हश-अ-फोन’ खटल्यात ती बंदी कोर्टाने उडवली आणि 1968 च्या ‘कार्टरफोन’ निर्णयाने परक्या यंत्रांना लाइनचे दार उघडले. फॅक्स, आन्सरिंग मशीन, मोडेम ही त्या दारातून आलेली मंडळी. फोन आला की माणसाविना ‘उचलायचा’ हे त्यांचे काम आणि त्यासाठी प्रत्येकाच्या पोटात रिंग ओळखणारे सर्किट. संगणकाच्या जुन्या सीरियल पोर्टात तर एक पूर्ण पिन ‘रिंग आली’ एवढेच सांगण्यासाठी राखलेली होती.

आपल्याकडे ते दार 1984 मध्ये किलकिले झाले. ग्राहकाकडची यंत्रे बनवायला खाजगी कंपन्यांना परवानगी मिळाली, बटणांचे फोन आले आणि वॉटसनच्या दोन वाट्यांच्या जागी एक आयसी चिवचिवू लागला. माझ्या मते हा बदल उपयोगापेक्षा शोभेचा होता. वाट्यांची घंटा परसापर्यंत ऐकू जाई, चिवचिव माजघराबाहेर जाईना. रिंग ओळखणाऱ्या सर्किटांची खरी चलती त्यामुळेच सुरू झाली. त्याच वर्षी सी-डॉटची स्थापना झाली आणि 1986 मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला त्यांचे 128 पोर्टांचे ग्रामीण एक्स्चेंज सुरू झाले. वातानुकूलनाशिवाय, उष्ण आणि धुळीच्या खोलीत चालेल असे. अशा लहान एक्स्चेंजांमुळेच खेड्यांत फोन पोचू शकले. त्याआधी काही गावांत रेडिओवरून चालणारे सार्वजनिक फोन दिले गेले होते. ते इतके बंद पडत की 1994 च्या दूरसंचार धोरणाने 1997 पर्यंत प्रत्येक खेड्यात फोन देण्याचे जे वचन दिले, ते कागदावर राहण्यात त्यांचाही वाटा आहे.

एव्हाना लोकांनी सर्किटाशिवायच रिंगचा एक उपयोग शोधून काढला होता. मीटर पडतो तो पलीकडचा फोन उचलल्यावर. उचललाच नाही तर पैसे नाहीत. म्हणजे घंटा हा फुकटचा निरोप झाला. रात्रीच्या एसटीने गेलेला माणूस सकाळी मुंबईला पोचला की दोन रिंगा देऊन फोन ठेवायचा. घरी कळायचे, सुखरूप पोचला. ट्रंक कॉलच्या जमान्यातही ‘पीपी’ कॉल लावून, ठरलेले नाव विचारून, तो माणूस नाही असे उत्तर घेऊन थोडक्या पैशात निरोप पोचवणारी घरे होती. मोबाइल आल्यावर सुरुवातीला येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. मे 2003 पासून येणारे कॉल फुकट झाले आणि ‘मिस्ड कॉल दे’ हे वाक्य देशभर झाले. 2011 मध्ये अण्णा हजारे यांच्या आंदोलनाला पाठिंबा नोंदवायला मिस्ड कॉलच मागवले गेले.

मोबाइलमधली रिंग ही मात्र दाबाची लाट नाही. टॉवरकडून आलेला तो एक सांकेतिक संदेश असतो आणि आवाज हँडसेट स्वतः काढतो. त्यामुळे जुने सर्किट इथे चालत नाही. हौशी मंडळींनी त्यावरही तोडगा काढला. जुना हँडसेट उघडायचा, थरथरणाऱ्या मोटरच्या दोन तारा काढायच्या आणि त्या ऑप्टोकपलरला जोडायच्या. फोन थरथरला की रिले चालला. पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ नावाने शेतीपंपासाठी जे यंत्र बनवले, ते याच कुळातले, पण पुष्कळ पुढचे. शेतीला वीज बऱ्याचदा रात्री येते, पंप दूर ओढ्याकाठी, साप-विंचवाची वाट. तिथे मोबाइल आणि मोडेम ठेवला की शेतकरी घरून फोन लावून वीज आहे का ते ऐकतो आणि अंक दाबून पंप सुरू करतो. 2009 मध्ये नोकियाच्या स्पर्धेत या यंत्राला पारितोषिक मिळाले. अशा यंत्रांच्या साध्या प्रकारांत तर फोन उचललाही जात नाही. ठरलेल्या नंबरावरून रिंग आली, एवढ्यावर पंप चालू होतो.

रिंग फुकट आहे, याचा हिशेब कंपन्याही ठेवून होत्या. एका कंपनीच्या ग्राहकाने दुसरीच्या ग्राहकाला फोन केला तर पहिली दुसरीला मिनिटाला सहा पैसे देई. समोरच्याला फोन उचलायला वेळच मिळाला नाही, तर तो मिस्ड कॉल पाहून उलट फोन करतो आणि पैसे उलट दिशेने वाहतात. 2019 च्या ऑक्टोबरात यावरून कंपन्यांची जुंपली आणि घंटा वाजण्याचा वेळ कमी होत वीस-पंचवीस सेकंदांवर आला. शेवटी 1 नोव्हेंबर 2019 रोजी ट्रायने नियम केला : मोबाइल 30 सेकंद वाजला पाहिजे, लँडलाइन 60 सेकंद. साठ सेकंद म्हणजे आपल्या दुहेरी घंटेच्या हिशेबाने वीस वेळा ट्रिंग ट्रिंग. आगरातून ओटीवर यायला म्हाताऱ्या माणसाला याहून जास्त लागतात. पण घंटेचा किमान वेळ हा ग्राहकाचा हक्क आहे, हे लेखी ठरायला 2019 उजाडावे लागले. 1885 च्या कायद्याची जागा घेणारा नवा दूरसंचार कायदा 2023 मध्ये झाला.

त्याच्या आदल्या काही वर्षांत कोकणाने घंटेची आणखी एक बाजू पाहिली. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली, मंडणगड तालुक्यांनाही त्याने झोडपले. वीज गेली ती कित्येक गावांत अनेक दिवस आली नाही. मोबाइलच्या टॉवरांच्या बॅटऱ्या काही तासांत उतरल्या. मुंबईतले चाकरमानी घरचा नंबर फिरवत राहिले आणि रिंग जाईना. तांब्याच्या तारा असत्या तरी खांब आडवे झालेच असते, हे खरे. पण ज्या घरापर्यंत तार शाबूत राहिली असती, तिथला फोन घरात वीज नसतानाही वाजला असता. घंटेची वीज एक्स्चेंजातल्या बॅटरीतून येत असे.

आता फायबरवरून जी लँडलाइन मिळते, तिची काचेची तार वीज वाहून आणत नाही. घरातल्या भिंतीवरचा डबा एक्स्चेंजकडून ‘फोन आला’ असा संदेश घेतो आणि घरच्याच विजेतून घंटेचा एसी प्रवाह तयार करतो. त्याच्या मागे जुना वाट्यांचा फोन जोडला तर तो बहुधा वाजतो, जुने रिंग ओळखणारे सर्किटही चालते. 0.47 चा कपॅसिटर, दहा किलोओहम, झेनरची जोडी, ऑप्टोकपलर, काही बदलावे लागत नाही. आभाळातल्या झटक्यांचा त्रासही पुष्कळ कमी, कारण मैलभर तांबे राहिलेले नाही. फक्त त्या डब्याला इन्व्हर्टर किंवा छोटी बॅटरी जोडून ठेवावी लागते. ज्यांच्या घरी वयस्क माणसे एकटी आहेत, त्यांनी ती जोडून घ्यावी आणि वर्षातून एकदा, मे महिन्यात, मेन स्विच बंद करून घरचा फोन वाजतो का ते पाहावे.